एका नावाच्या दोन कबरी

बसरा, २५ ऑक्टोबर १९९८

बुशरा,

तुला सलाम. हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी खाली बस.

बाबा गेले. गेल्या रविवारी, दुपारच्या नमाजानंतर. तू अम्मानहून पाठवलेली औषधं आदल्याच दिवशी मिळाली होती, तेव्हा मनाला टोचणी लावून घेऊ नकोस. मूत्रपिंडं केव्हाच हात टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, यंत्र आहे पण त्याचा सुटा भाग निर्बंधांमुळे येत नाही. बाबा हसले. म्हणाले, "स्टोव्ह असता तर मीच दुरुस्त केला असता."

दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सीच्या टपावर पेटी बांधून नजफला निघालो. मी, अम्मो जब्बार आणि शेजारचे दोघे. अम्मो सगळ्या वाटेवर काचेतून हात बाहेर काढून पेटीला धरून बसले होते, जणू त्यांचा लहान भाऊ टपावरून उडी मारील. नजफला इमामांच्या दर्ग्याला प्रदक्षिणा घातली आणि कबरस्तानात गेलो. आपल्या घराण्याचा जुना दफ्फान वारला, आता त्याचा पुतण्या कबरी खणतो. त्याने मयताचं नाव विचारलं. अम्मो म्हणाले, सब्री अब्दुल्ला. तो आईच्या कबरीपाशी गेला, शेजारचा दगड वाचला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"सब्री अब्दुल्ला तर इथे आहे. शहीद, शहाऐंशी साल."

"हो," अम्मो म्हणाले, "पण तो परत आला."

"कुठून?"

"इराणातून. कैदेत होता. नव्वदला सुटला."

"मग ह्यात कोण?"

"कोणीतरी. पेटी बंद होती, उघडू नका असा हुकूम होता. सैन्याने दिली, आम्ही पुरली."

पुतण्याने डोकं खाजवलं. "मग दगड तरी बदलायचा ना, हज्जी! आता दोन दोन सब्रींमध्ये फरिश्त्यांनी चौकशी कोणाची करायची?"

मला रडू येत होतं आणि त्यातच हसू फुटलं. बाबा असते तर त्यांनीच उत्तर दिलं असतं. आठवतं ना, नव्वदला ते घरी आले तेव्हा शहीद म्हणून मिळालेली गाडी सरकारने परत नेली आणि आई त्यांना म्हणाली होती, "मेलास तर दारात गाडी आली, आलास तर गेली. तुझं नक्की कशात भलं आहे ते तरी सांग!" तेव्हापासून गल्लीत त्यांचं नावच "मरहूम" पडलं. "अहो मरहूम, चहा घेता का?" आणि बाबा विणकामातून मान वर न करता म्हणायचे, "साखर जास्त घाल, तिकडे मिळत नाही."

आईच्या शेजारी जागा नव्हती. एका बाजूला ती जुनी कबर, दुसरीकडे भिंत. म्हणून बाबांना आईच्या पायांशी ठेवलं.

तीन दिवस फातिहा झाली. भिंतीवर काळं कापड लावलं, कडू कॉफी फिरवली. शेवटी अम्मोंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "ह्या माणसाने कोणाचं काही वाईट केलं असेल, तर त्याला मोकळं करा." सगळे म्हणाले, केलं. बायकांच्या खोलीतून एकच आवाज सगळ्यांच्या वर आला. अबुल खसीबची उम्म कामिल होती. "मी मोकळं केलं! त्याच्याकडून चांगल्याशिवाय काही पाहिलं नाही!"

चाळिसावा पुढच्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला, शुक्रवारी आहे. दगडावर काय कोरायचं ते कळव.

तुझा भाऊ,
घालिब

&nbsp;

अम्मान, ९ नोव्हेंबर १९९८

घालिब,

पत्र टपालाने आलं, म्हणजे कोणीतरी आधी उघडून वाचलं होतं. परक्या माणसाला माझ्या बापाच्या मरणाची बातमी माझ्याआधी कळली. शिवणाच्या कारखान्यात सुट्टी मागितली तर मुकादम म्हणाली, अर्धा दिवस घे. अर्ध्या दिवसात किती रडून होणार? उरलेलं मशीनवर बसून रडले. एका बाईच्या फ्रॉकला त्यामुळे वाकडी शिवण पडली आहे.

मला बाबा जेवणावरचे आठवतात. सबूर मासा आला की आपल्याला हात लावू द्यायचे नाहीत. एवढा काटेरी मासा, आणि ते बोटांनी चाचपून एकेक काटा काढायचे, आपल्या ताटात गोळा ठेवायचे आणि स्वतः डोक्याचा भाग चोखत बसायचे. बंद दाराच्या खोलीत ते झोपत नसत. कैदेत घोंगडीचा धागा उसवून विणायला शिकले आणि घरी येऊन गल्लीतल्या प्रत्येक पोराला मोजे केले. बसऱ्यात! जिथे मोजे घातले तर पाय उकडून निघतात! असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

म्हणूनच मला तुझा राग आलाय. त्यांना आईच्या पायांशी ठेवलंत? आणि तिच्या शेजारी कोण, तर एक परका पुरुष, ज्याचं नाव गाव कोणाला ठाऊक नाही! आई जिवंतपणी परक्याच्या समोर ओढणी सरकू देत नसे. बारा वर्षं होऊन गेली आहेत, शेखला विचार, आता ती कबर उघडता येते. त्याच्या हाडांना दुसरीकडे इज्जतीने जागा द्या आणि बाबांना तिथे आणा. माझी एवढीच मागणी आहे.

उम्म कामिल आली होती हे वाचून बरं वाटलं. नव्वद साली बाबा परत आले त्या आठवड्यात आपल्या दारात किती आया बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन उभ्या होत्या! आणि तिला एकटीलाच बरी बातमी मिळाली, की तिचा मुलगा कामिल जिवंत आहे. बाबा गेले, आता तिला कोण धीर देणार? तिची सून रसमिया अजून तिच्याजवळच असते का? तू जात जा त्यांच्याकडे.

मला बाबांनीच धरून ठेवलं रे. एक्क्याण्णवच्या वसंतात यासीनला घरातून नेलं, तेव्हापासून मी नवऱ्याची वाट बघतेय. लोक सांगतात सोड, अजून तरुण आहेस. पण बाबांच्या स्टोव्ह-दुरुस्तीच्या दुकानात तुरुंगातून सुटलेला तो माणूस आला होता. बाबांनी माझे हात हातात घेऊन मला सांगितलं होतं, "त्याने लांबून पाहिलं त्याला. बारीक झालाय, पण चालत होता." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. इथे एकाने मागणी घातली होती. चांगला माणूस आहे, बेकरी आहे त्याची. मी नाही म्हटलं.

कबरीचं बघ.

बुशरा

&nbsp;

बसरा, १६ नोव्हेंबर १९९८

बुशरा,

हे टपालाने पाठवत नाही. अबु सत्तार ड्रायव्हर आपल्या मोज्यात घालून आणतो आहे. वाचून झालं की जाळ.

ती कबर उघडता येणार नाही. बाबांनी मला शपथ घातली आहे. तो परका नाही. तो कामिल आहे. उम्म कामिलचा कामिल.

मागच्या पत्रात मी हे दडवलं. टपालाचं कारण होतं, पण खरं म्हणजे हात धजत नव्हता. शेवटच्या आठवड्यात बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला जवळ बसवलं. शहाऐंशीच्या फेब्रुवारीत फावच्या आघाडीवर चिखल गुडघ्यापर्यंत होता आणि पाऊस थांबत नव्हता. कामिल त्यांच्याच तुकडीत होता. पोराला ताप भरला होता, दात वाजत होते. बाबांनी आपला ओव्हरकोट काढून त्याच्या अंगावर घातला. खिशात त्यांची सगळी कागदपत्रं होती. पहाटे गोळा पडला. बाबा दहा पावलांवर होते, त्यांना कानाला लागलं आणि ते पकडले गेले. कामिलचा चेहरा उरला नाही. कोट उरला. सैन्याने कोटाचा खिसा तपासला आणि पेटी आपल्या घरी पाठवली.

बाबा सुटून आले, आपल्या नावाची कबर पाहिली, आईने कोटाची गोष्ट सांगितली, आणि त्यांना तिथल्या तिथे कळलं. त्याच आठवड्यात उम्म कामिल फोटो घेऊन आली. बाबा म्हणाले, "मी सांगायलाच उठलो होतो. पण तिने माझे पाय धरले. म्हणाली, फक्त एवढं सांग की पाहिलास. माझ्या तोंडून निघालं, पाहिला. लांबून. बारीक झालाय, पण चालत होता." ती तिथेच नाचली, बुशरा. तू पाहिलं होतंस. टाळ्या वाजवत नाचली. त्यानंतर परत घ्यायची सोयच राहिली नाही.

दगड बदलला नाही तो ह्यासाठी. त्यांचं नाव पुसलं असतं तर कोणाचं तरी लिहावं लागलं असतं. आपण गंमत करायचो, "कशाला बदलता, लागेलच की कधीतरी," आणि ते हसायचे.

पण त्यांना खरं खात होतं ते वेगळंच. पुरताना मुल्लाने कबरीत उतरून मेलेल्याचा खांदा हलवला होता आणि रिवाजाप्रमाणे शिकवलं होतं, ऐक, समजून घे, सब्री, अब्दुल्लाच्या मुला, फरिश्ते आले की असं उत्तर दे. बाबा म्हणाले, "त्या पोराला माझ्या नावाने हाक मारली. तो तिथे पडून विचार करत असेल, हे मला नाहीच, शेजारच्याला चाललंय. त्याला कोणी काही शिकवलंच नाही, घालिब." हे सांगताना माझा बाप ढसाढसा रडला. मी त्यांना आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. चाळिसाव्याला कामिलच्या खऱ्या नावाने तलकीन, म्हणजे ती शिकवण, पुन्हा वाचायची. आणि उम्म कामिलला सांगायचं.

पहिली मी करीन. दुसरी माझ्याने होणार नाही. तिची नजर गेली आहे, काठी टेकत चालते. दारावर कोणी वाजवलं की अजून विचारते, कामिल? तिच्याकडून आता हेही काढून घ्यायचं? किती दिवस उरलेत तिचे? मरू दे ना तिला आशेवर. तू माझ्यापेक्षा मोठी आहेस, शहाणी आहेस, तू सांग की माझं बरोबर आहे.

घालिब

&nbsp;

अम्मान, २२ नोव्हेंबर १९९८

घालिब,

तुझं बरोबर नाही.

अबु सत्तार खाली गाडीत थांबलाय, त्याला थांबवून लिहितेय. सत्तावीसच्या आत हे तुझ्या हातात पडलं पाहिजे.

तू उम्म कामिलची दया करतोस, आणि रसमिया कुठे गेली? तुझ्या पत्रात तिचं नावसुद्धा नाही. लग्न होऊन तिला सहा महिने झाले होते. नवरा बेपत्ता म्हटल्यावर शेखने तिला सोडवलं असतं. तिचा भाऊ तिला न्यायला आला होता, कोणीतरी मुलगाही बघून ठेवला होता. पण आपले बाबा आले आणि सांगून बसले, जिवंत आहे. जिवंत माणसाची बायको दुसरं लग्न कशी करील? तिचे केस पिकले, घालिब. मूल नाही, बाळ नाही, आंधळ्या सासूचं जेवण करते. आणि आपण कडू कॉफी पाजून उम्म कामिलकडून वदवून घेतलं की मोकळं केलं! काय माहीत होतं तिला? न सांगता करून घेतलेल्या मोकळिकीला काय अर्थ? ही चोरी आहे. बाबांवर माझा जीव होता, आहे, म्हणूनच म्हणते, ही चोरी त्यांच्या अंगावर राहू देऊ नकोस.

दोघींना नजफला घेऊन जा. कबरीपाशी सांग. घरात सांगितलंस तर त्यांच्याकडे धरायलाही काही नसेल.

आता दुसरं.

तू लिहिलंस, लांबून पाहिला, बारीक झालाय पण चालत होता. मी ते वाचलं आणि पुढचं वाचताच येईना. माझं आधीचं पत्र तुझ्याकडे असेल तर काढ आणि बघ. शब्दाला शब्द तोच आहे, घालिब. उम्म कामिलला दिलेलं वाक्य आणि मला दिलेलं वाक्य.

बाबांनी शेवटी तुला यासीनबद्दल काय सांगितलं?

काहीच नाही असं लिहू नकोस. सगळ्यांना बाहेर काढून तुला जवळ बसवलं आणि मुलीचा विषयच निघाला नाही, हे मी मानणार नाही. माझ्या बापाला मी ओळखते. दया करू नकोस. आपल्या घरात दया पुष्कळ झाली.

बुशरा

&nbsp;

बसरा, ३० नोव्हेंबर १९९८

बुशरा,

तू सांगितलंस तसंच केलं.

दोघींना सांगितलं होतं, बाबांच्या चाळिसाव्याला चला. उम्म कामिलने येताना बर्ही खजुरांची परडी घेतली, आपल्या बाबांच्या नावाने वाटायला. बाबा दर सणाला त्यांच्या घरी जायचे, म्हणून. वाटेत ती माझ्याशी थट्टा करत होती, "तुझं लग्न का होत नाही रे? नाक बापावर गेलंय म्हणून?" मी हसत होतो.

आईच्या कबरीपाशी तिला बसवलं. तिचा हात धरून जुन्या दगडावर ठेवला आणि सांगितलं. काय शब्द वापरले ते आता आठवत नाही. कोटापासून सुरुवात केली एवढं आठवतं.

ती किंचाळेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "कोट गरम होता का?"

मी म्हटलं, लोकरीचा होता, लष्करी.

"बटणं लावली होती? त्याला बटणं लावायचा कंटाळा होता."

मला माहीत नव्हतं. अम्मो जब्बार पुढे झाले आणि म्हणाले, "लावली होती, उम्म कामिल." मी अम्मोंकडे बघितलं. पेटी त्यांनीही उघडली नव्हती. माझ्या तोंडावर आलं होतं की अम्मो, पुन्हा नको, पण मी बोललो नाही. तुला राग येईल, येऊ दे.

मुल्ला आला. मातीवर पालथा हात ठेवला आणि विचारलं, नाव? उम्म कामिलने स्वतः सांगितलं. कामिल, जासिमचा मुलगा. मुल्लाने तलकीन वाचली, ऐक, समजून घे, कामिल, जासिमच्या मुला. ती प्रत्येक वाक्यामागून तेच वाक्य मोठ्याने म्हणत होती, शाळेत लहान पोराकडून पाठ करून घेतात तसं.

संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "तुझ्या बापाला मी मोकळं केलं होतं ना? ते मी परत घेते. माझ्या पोराला कोट दिला म्हणून अल्ला त्याला जन्नत देवो. पण मी नाही सोडणार. मला माझ्या पोरासाठी रडायला डोळे होते तेव्हा त्याने मला नाचायला लावलं." अम्मो काही बोलायला गेले, तिने काठी आपटली. "तू गप्प बस, बटणवाल्या!"

रसमिया बाबांच्या नव्या कबरीपाशी गेली आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. बराच वेळ. मग सासूला उठवायला आली, तिच्या अबायावरची माती झटकली. परतीच्या वाटेवर खजुरांची परडी तिच्या मांडीवर तशीच भरलेली होती. दगडावर कामिलचं नाव कोरायला दिलंय. त्याला हलवणार नाही. बाबा आईच्या पायांशीच राहतील, आणि मला वाटतं ते त्यांना चालेल.

आता तुझं. तीन दिवस हे पत्र इथपर्यंत लिहून पडलं होतं.

बाबांनी सांगितलं होतं. सुटलेला माणूस खरंच दुकानात आला होता, ते खोटं नाही. त्याचा स्टोव्ह गळत होता. यासीन आणि तो एकाच कोठडीत होते. यासीन त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. पहिल्याच उन्हाळ्यात, बुशरा, नेल्यानंतर चार-पाच महिन्यांतच. जुलाब लागले होते आणि पाणी नव्हतं. रात्री त्याला घेऊन गेले. कुठे पुरलं ते त्या माणसाला माहीत नाही आणि कोणालाही विचारण्यासारखं नाही. शेवटी शुद्ध होती तोवर तो तुझ्याबद्दल बोलत होता, एवढं बाबांनी सांगितलं. तेही खरं की दयेपोटी, मी विचारलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

बाबा म्हणाले, "ती दारात आली तेव्हा तिचा चेहरा उम्म कामिलसारखा दिसला, असं तिला सांग." हे मी तुला सांगणार नव्हतो. पण तू म्हणालीस, दया नको.

मी तुझ्याजवळ असतो तर बरं झालं असतं. येता येत नाही, परवाना मिळत नाही. काहीतरी लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

घालिब

&nbsp;

अम्मान, १२ डिसेंबर १९९८

घालिब,

शिव्या नाहीत. शिव्या द्यायला अंगात जोर लागतो.

तुझं पत्र मंगळवारी संध्याकाळी आलं. अबु सत्तारने हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता जिना उतरून गेला. त्यालाही माहीत होतं की काय कोण जाणे. मी वाचलं, आणि मग शेवया करायला ठेवल्या होत्या त्या करून खाल्ल्या. सगळ्या. भांडं घासलं. मग जमिनीवर बसले ती सकाळी शेजारच्या फद्वाने दार वाजवलं तेव्हा उठले.

बाबांवरचा माझा राग कुठे ठेवू ते मला कळत नाही. काटे काढून गोळा आपल्या पुढ्यात ठेवायचे, तसंच त्यांनी हेही केलं असेल. त्यांना वाटलं असेल, पोरीच्या घशात अडकायला नको. पण मी सव्वीस वर्षांची होते, घालिब. मला गिळता आलं असतं. तेव्हा यासीनसाठी रडले असते तर आज कदाचित माझ्या घरात कोणीतरी असतं. रसमियाला माझा सलाम सांग. तिला म्हण, अम्मानमध्ये आणखी एक आहे. एवढंच सांग, तिला कळेल.

मी फातिहा ठेवली. काळं कापड कारखान्यातूनच आणलं. ह्या गल्लीत यासीनला कोणी ओळखत नाही, पण फद्वाने चार घरी सांगितलं आणि बायका आल्या. माझ्याकडे चारच कप आहेत, एकीची कॉफी झाली की कप धुऊन दुसरीला. बेकरीवाल्याने पोळ्या पाठवल्या, स्वतः आला नाही. शहाणा आहे.

प्रत्येक बाई आत येताना तेच विचारायची, कधी गेला गं? पहिल्या दोघींना मला उत्तर देता आलं नाही. एक्क्याण्णवचा उन्हाळा म्हटलं असतं तर त्या कप खाली ठेवून एकमेकींकडे बघत बसल्या असत्या. मग दुपारी शेखकडे गेले, विधवेचे चार महिने दहा दिवस मी कधीपासून धरायचे ते विचारायला. मला वाटलं, तो सांगेल तुझे केव्हाच संपले, आणि ते ऐकून मी तिथेच कोसळेन. तो म्हणाला, नवरा दूर असेल तर बातमी पोहोचते त्या दिवसापासून. त्याआधीचे दिवस धरत नाहीत.

घरी आले. उंबऱ्याशी आणखी एक बाई उभी होती, चपला काढत. तिनेही विचारलं. मी सांगितलं, मंगळवारी गेला.

बुशरा